सुनेच्या हातात नको

वेळ अमावस्येच्या दिवशी रेणापुरात घरात कुणी थांबत नाही. सगळं गाव शिवारात असतं. महादेवप्पांच्या मळ्यातही ज्वारीच्या कडेला पूजेसाठी कडब्याची कोपी, छोटी खोप, उभी राहिली होती, पूजा आटोपली होती आणि सतरंजीवर घरचे, शेजारचे, दुकानातले असे सगळे जेवायला बसले होते. भाज्या-शेंगांची भज्जी होती, बाजरीचे उकडलेले उंडे होते, मडक्यात गार आंबील होती. बाजारपेठेत महादेवप्पांचं भांड्यांचं दुकान. एरवी गल्ला सोडून न उठणारा हा माणूस वेळ अमावस्येला मात्र स्वतः वाढायला उभा राहायचा. लोकांना आग्रह करकरून आंबील पाजायचा आणि सगळ्यांपेक्षा जास्त स्वतः प्यायचा.

यंदा त्यांनी आपला पेला पालथा घातला.

"का हो अप्पा? घ्या की," कुणीतरी म्हणालं.

"घसा धरलाय जरा," ते म्हणाले.

त्यांची सून स्वप्नाली समोरच बसली होती. घसा धरलेल्या माणसाचा आवाज असा नसतो, हे तिला कळलं. मग तिच्या हेही ध्यानात आलं, की अप्पा जेवताजेवता उठतात, ज्वारीच्या आड जातात आणि परत येताना त्यांचा जबडा आवळलेला असतो. थोड्या वेळानं पुन्हा उठतात. बसताना हळूच बसतात. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, म्हातारा माणूस पीक बघून येतोय. पण स्वप्नाली नांदेडच्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट होती. तिच्या टेबलावर रोज लघवीच्या, थुंकीच्या, पुवाच्या बाटल्या यायच्या. त्यांत कुठले जंतू आहेत आणि ते कुठल्या औषधाला बधतात, हे शोधायचं तिचं काम.

कळून उपयोग काय? विचारणार कसं?

महादेवप्पा तिच्याशी कधी वाकडं बोलले नव्हते. तिच्या कामाबद्दल मात्र ते बोलतच नसत. सून काय करते असं कुणी विचारलं, की "लॅबमधी हाय" म्हणून विषय बदलायचे. सकाळी स्नान करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ते पाणीसुद्धा पीत नसत. अशा माणसाला सुनेचे हात दिवसभर कशात असतात याचा विचार नको वाटत असणार, हे तिला समजत होतं. तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. किंवा घेतलं असेल, पण दाखवलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर विहिरीपाशी भांडी घासताना तिनं सासूबाईंना विचारलं, "आई, अप्पांना लघवीला त्रास होतोय का?"

सिंधुबाईंच्या हातातली परात थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

"दिसतंय की."

"दिवाळीपासून चालू हाय." त्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "जळजळ होती म्हणतेत. डॉक्टरकडं चला म्हटलं तर अंगावर येतेत. मग मीच दिल्या गोळ्या, घरात होत्या त्या. आधी ती तीन गोळ्यांच्या पाकिटातली, मागं मला घशाला दिली होती बघ, त्यातली उरलेली. तिनं काय फरक पडला न्हाई. मग ईश्वरप्पा भावजींनी लातूरहून आणून दिली, ती लई भारी म्हणे. तिनं आराम पडला. आराम पडल्यावर कशाला उगं उष्ण गोळ्या खायच्या म्हणून बंद केली. परत चालू झालं, तर आता ती लाल कॅप्सूल द्यायलेय."

स्वप्नालीनं राखेचा हात तसाच धरून ऐकून घेतलं. घशाची ती गोळी लघवीत नीट पोचतच नाही. भारी गोळीनं कच्चे जंतू मेले असतील आणि चिवट तेवढे मागं राहून वाढले असतील. लाल कॅप्सूल कशाची होती देव जाणे. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सासूबाई इतक्या काळजीनं तिच्या तोंडाकडं बघत होत्या, की ती एवढंच म्हणाली, "आई, उद्या तुम्ही दोघं आमच्यासोबत नांदेडला चला."

स्वप्नालीच्या नवऱ्यानं, वीरेशनं, वडलांना कसं तयार केलं कोण जाणे. सकाळी महादेवप्पा कोट घालून गाडीत पुढं बसले तेव्हा त्यांनी मागं एकदाही वळून बघितलं नाही. आपल्याला कशासाठी नेतायत, हे सुनेला माहीत आहे एवढं त्यांना कळलं होतं, आणि तेवढ्यानं त्यांचे कान लाल झाले होते.

अहमदपूर मागं पडलं आणि त्यांना थंडी वाजायला लागली. आधी त्यांनी कोटाची बटणं लावली. मग हात काखेत घातले. लोहा जवळ येईपर्यंत दात वाजायला लागले आणि सगळं अंग सीटसकट हलायला लागलं. वीरेशनं गाडी कडेला घेतली. त्यांना मागं आणलं, एका बाजूला सिंधुबाई, दुसऱ्या बाजूला स्वप्नाली. स्वप्नालीनं अंगावरची शाल काढून त्यांना गुंडाळली आणि वरून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. महादेवप्पांनी डोळे मिटले होते. हुडहुडीत त्यांचा हात काहीतरी आधार शोधत होता. तिचं मनगट सापडलं तसं त्यांनी ते धरलं आणि नांदेडचं हॉस्पिटल येईपर्यंत सोडलं नाही.

लग्न झाल्यापासून नमस्कार करताना पायांना लागायची तेवढीच तिची बोटं त्यांना लागली होती.

डॉक्टर शिवशंकर हे शांत, मध्यम वयाचे गृहस्थ होते. त्यांनी ताप बघितला, कमरेच्या वर पाठीत हलकंसं थोपटलं तसे महादेवप्पा कळवळले. "संसर्ग वर किडनीपर्यंत गेलेला दिसतोय," डॉक्टर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "अप्पा, आता मी विचारतो त्याची खरी उत्तरं द्यायची. लघवीची धार कशी आहे? जोर लावावा लागतो? झाल्यावर पूर्ण मोकळं वाटतं का?"

महादेवप्पा छताकडं बघत राहिले.

"आई, चला, आपण चहा घेऊन येऊ," स्वप्नाली उठली. सिंधुबाईंना चहा नको होता, पण सुनेनं दंडाला धरून जवळजवळ ओढूनच त्यांना बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं.

परत आल्या तेव्हा वीरेश दारातच उभा होता. अप्पांनी सगळं सांगितलं होतं. कितीतरी महिन्यांपासूनचं. सोनोग्राफीतही तेच निघालं: प्रोस्टेटची गाठ वाढली होती, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नव्हतं आणि आत साचलेल्या लघवीत जंतू पुन्हापुन्हा वाढत होते. रक्ताच्या तपासणीत किडनीवर थोडा ताण दिसत होता. डॉक्टरांनी लघवीचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पाठवायला सांगितला आणि तो घेतल्यावर लगेच सलाईनमधून इंजेक्शन सुरू केलं. "हे अंदाजानं देतोय. जंतू कोण आहे ते कळलं की मग नेमकं देऊ."

वीरेश बायकोला बाजूला घेऊन म्हणाला, "एक सांगायचंय. रागावू नको."

"काय?"

"अप्पा म्हणतायत, नमुना दुसरीकडं द्या. सुनेच्या हातात नको."

या हॉस्पिटलचे सगळे नमुने तिच्याच लॅबमध्ये जायचे. "दुसरीकडं दिला तर रिपोर्टला उशीर होईल," ती म्हणाली. "अप्पांना सांग, मी हात लावणार नाही. ज्ञानेश्वरी करेल. मी बघणारसुद्धा नाही."

तिनं शब्द पाळला. ज्ञानेश्वरी तिची लॅबमधली मैत्रीण, शेजारच्या टेबलावर बसणारी. महादेवप्पा शेटे असं नाव लिहिलेली बाटली आली तेव्हा स्वप्नालीनं ती तिच्याकडं सरकवली आणि आपण दुसऱ्या बाटल्या पुढं ओढल्या.

"अगं, तुझे सासरे ना?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"हो. त्यांना लाज वाटते."

"माझ्या आज्याला तर माझं लग्न झालंय याचीसुद्धा लाज वाटायची," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि कामाला लागली. पुढं तिनं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरायला हवा होता. उतरला नाही. पहाटे घाम आला, सिंधुबाईंनी पदरानं कपाळ टिपलं, जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा थंडी भरली. महादेवप्पांनी खाणं सोडलं होतं. पूजा मात्र सोडली नव्हती. पलंगावर उशीला टेकून, एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या तळहातावर लिंग, असे ते बसले होते. सिंधुबाईंनी खालून आपला हात लावून धरला होता.

लॅबमध्ये स्वप्नालीच्या पाठीमागं, चार हातांवर, जंतू वाढवायच्या उबदार पेटीत, अप्पांच्या नमुन्याची ताटली होती. जंतू उगवले असणार. कसे असतील ते तिला डोळ्यांपुढं दिसत होतं. नुसतं दार उघडायचं आणि बघायचं. ज्ञानेश्वरी काही म्हणाली नसती, अप्पांना कळलंही नसतं. ती दोनदा पेटीपर्यंत गेली आणि दुसऱ्याच कुणाच्या ताटल्या घेऊन परत आली.

दुपारी ती जेवायला न बसता हॉस्पिटलमध्ये गेली. सिंधुबाई बाकावर पेंगत होत्या. महादेवप्पा जागे होते. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"अप्पा, एक विचारू?"

"हं."

"तुमचं कल्चर मी बघू का?"

त्यांनी मान वळवली. ताप चढलेल्या डोळ्यांनी तिच्याकडं बघितलं. "तू बघितल्यानं लवकर व्हईल?"

ती खोटं बोलली असती तर चाललं असतं. "नाही," ती म्हणाली. "जंतू उगवायला जो वेळ लागायचा तो लागतोच. आज ते दिसतील, उद्या औषधं कळतील. ज्ञानेश्वरी नीटच करते. माझ्यापेक्षा बारीक नजर आहे तिची."

"मग कशापाई मागायलीस?"

पर्स तिनं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मला राहवत नाही म्हणून," ती शेवटी म्हणाली. "दिवसभर लोकांचं बघते अप्पा. ज्यांची तोंडं मी कधी बघितली नाहीत, त्यांच्यासाठी डोळे फोडते. आणि तुमची ताटली मागं ठेवलेली असते, आणि मी तिकडं पाठ करून बसते. नाही होत मला."

खाली रस्त्यावर रिक्षावाले पॅसेंजरला हाका मारत होते.

"लई घाण काम हाय ते," ते हळूच म्हणाले. "मला वाटतं, घरच्या लक्ष्मीनं ते... आन् त्यात माझं."

"ताटलीत माणूस दिसत नाही अप्पा. गुलाबी ठिपके दिसतात नुसते. कधीकधी तर चांगले दिसतात."

"चांगले?"

"डाळिंबाच्या दाण्यासारखे."

त्यांच्या सुकलेल्या ओठांवर काहीतरी हललं. "बघ मग," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. ती दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांचा आवाज आला, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"आधी जेव. मग बघ."

ताटलीवर गुलाबी ठिपके दाट उगवले होते. तिनं आणि ज्ञानेश्वरीनं मिळून पुढचं काम केलं. एक ठिपका टोकानं उचलून पाण्यात मिसळला, दुसऱ्या पिवळसर ताटलीवर कापसाच्या बोळ्यानं सगळीकडं सारखा पसरला, आणि त्यावर औषधं भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या अंतराअंतरानं ठेवल्या. ज्या टिकलीतलं औषध चालतं तिच्याभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल मोकळा राहतो. जे चालत नाही, त्याच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून उगवतात, जणू ती तिथं नाहीच.

सकाळी तिनं दिव्याखाली ती ताटली धरली आणि मोजपट्टी काढली. नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या टिकल्या एकामागून एक बुडालेल्या होत्या. ईश्वरप्पांनी आणलेली भारी गोळीही त्यातच असणार. अप्पांना आतापर्यंत सलाईनमधून जे देत होते त्याच्याभोवतीही गोल नव्हता. ज्ञानेश्वरीनं शेजारून सुस्कारा सोडला. पण ताटलीच्या दुसऱ्या कडेला तीन टिकल्या मोकळ्या होत्या. स्वप्नालीनं तीनही गोल पुन्हा मोजले, आकडे ज्ञानेश्वरीला वाचायला लावले, लॅबप्रमुख मॅडमची सही घेतली आणि रिपोर्ट हॉस्पिटलला पाठवून स्वतःही निघाली.

डॉक्टर शिवशंकर रिपोर्ट घेऊन पलंगापाशी आले. महादेवप्पा म्हणाले, "मला बी दाखवा. माझं हाय ना ते?"

स्वप्नालीनं मोबाइलवर काढलेला ताटलीचा फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा मागितला. पितळेच्या परातीचा पोचा बघतात तसं निरखून बघितलं.

"ही मोकळी जागा म्हणजे औषध चाललं?"

"हो."

"मग ही तीन चालतेत. गोळी कुठली यातली?"

"ही," डॉक्टरांनी एका गोलावर बोट ठेवलं. "नायट्रोफ्युरँटोइन. जुनं औषध आहे, चांगलं आहे."

"मग ती द्या आन् सोडा घरी."

"देता आली असती, जंतू खाली मूत्राशयातच असता तर. ही गोळी लघवीत उतरते आणि तिथंच काम करते. किडनीच्या मांसात शिरत नाही. तुमचा ताप किडनीतून येतोय. ताटलीत मारते ती, पण तुमच्या अंगात जिथं मारायला पाहिजे तिथं पोचणारच नाही."

"आन् ही दुसरी?"

"अमिकासिन. इंजेक्शन आहे. हे पोचतं. पण ते किडनीवर आणि कानावर ताण आणतं. तुमची किडनी आधीच थकलीय."

"कान तर भांड्यांच्या आवाजात कवाच गेलेत," महादेवप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच वीरेश हसला.

"उरलेत तेवढे राहू द्या. म्हणून तिसरं, एर्टापेनेम. दिवसातून एकदा शिरेतून. पोचतं, मारतं, आणि तुमच्या किडनीला झेपेल असं. हे एरवी आम्ही राखून ठेवतो. उगाच वापरलं तर जंतू त्यालाही शिकतात, मग पुढच्या माणसाला द्यायला काही उरत नाही. पण तुमच्यासाठी आता हेच."

"यातलं मोठं औषध कुठलं मग?" सिंधुबाईंनी विचारलं.

"मोठं-लहान असं नसतं ताई. कुठला जंतू, कुठं बसलाय आणि कुणाच्या अंगात, त्यावर ठरतं."

सिंधुबाईंनी हळूच आपली पिशवी उघडली. तिच्यात रेणापूरहून बरोबर आणलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या अर्ध्या पट्ट्या होत्या. "यातली कुठली चालणार न्हाई का?" त्यांनी दोन्ही हातांत धरून त्या पुढं केल्या. गोळ्या घेतल्याचं स्वप्नालीनं डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण पट्ट्या दाखवाव्यात की नाही हे सिंधुबाईंना ठरवता आलं नव्हतं. डॉक्टरांनी पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या, रिपोर्टकडं बघितलं, आणि नाही म्हणून मान हलवली. "या कुणी दिल्या?"

सिंधुबाई उठून बाहेर गेल्या.

स्वप्नाली मागोमाग गेली. जिन्याच्या खिडकीपाशी त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडाशी.

"मीच केलं ना गं हे? खरं सांग."

"थोडं या गोळ्यांनी झालं," स्वप्नाली म्हणाली. "थोडं त्या गाठीनं. आणि अप्पांनी लपवलं नसतं तर वेळेवर कळलं असतं."

"त्येंनी लपवलं म्हणून मी दिल्या. डॉक्टरकडं येईनात, मग बघत बसू का नुसती? कण्हताना ऐकू यायचं मला संडासातून. दारापाशी उभी राहायची मी."

"मला माहीत आहे."

"तुला काय माहीत?"

"माणसाला काही द्यावंसं वाटतं आई. रिकाम्या हातानं उभं राहवत नाही." स्वप्नालीनं त्यांच्या खांद्याभोवती हात टाकला. "आता एवढंच करा. या गोळ्या माझ्याकडं द्या, मी लॅबमध्ये नीट टाकायची सोय करते. आणि परत असं काही झालं तर मला फोन. कुणाला सांगू नका म्हटलं तरी मला."

सिंधुबाईंनी पट्ट्या तिच्या हातात ठेवल्या. मग नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चल, त्येंना मूगडाळीचं पाणी द्यायचंय."

नवं इंजेक्शन सुरू झालं आणि दुसऱ्या संध्याकाळी थंडी भरली नाही. सिंधुबाई सारख्या कपाळाला हात लावून बघत राहिल्या, शेवटी महादेवप्पा वैतागले: "हात काढ आता, तुझ्या हातानंच ताप यायचा." त्या दिवशी त्यांनी भाकरीचा काला मागून खाल्ला.

हॉस्पिटलमधून सुटी मिळाली तरी इंजेक्शनं राहिली होती, म्हणून ती दोघं वीरेशच्या नांदेडमधल्या तरोड्याच्या फ्लॅटवर मुक्कामाला राहिली. रोज सकाळी वीरेश वडलांना इंजेक्शनसाठी हॉस्पिटलमध्ये घेऊन जायचा. गाठीसाठी डॉक्टरांनी झोपताना घ्यायची गोळी दिली होती. इंजेक्शनांचा कोर्स संपला, मध्ये काही दिवस जाऊ दिले आणि मग पुन्हा लघवीचं कल्चर झालं. या वेळी बाटली महादेवप्पांनी स्वतःच आणून स्वयंपाकघराच्या दारात सुनेपुढं धरली, मान दुसरीकडं करून. "ने," एवढंच म्हणाले.

त्यात काही उगवलं नाही.

उद्या रेणापूरला निघायचं म्हणून त्या दुपारी सामानाची बांधाबांध झाली होती. रविवार होता. वीरेश गाडीत हवा भरायला गेला होता आणि सिंधुबाई आत कपडे घडी करत होत्या. गॅलरीत हिवाळ्याचं उबदार ऊन आलं होतं. महादेवप्पा आणि स्वप्नाली हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती, मधे स्टीलचं पातेलं. सोलाणे टपटप पडत होते.

"एक विचारतो," महादेवप्पा म्हणाले. "मी नको म्हणलो तवा वाईट वाटलं व्हतं का?"

"वाटलं थोडं."

"हं." ते एक घाटा सोलेपर्यंत थांबले. "लाज वाटत व्हती. दुसरं काय न्हाई. आपल्या घरात असलं बोलायची रीतच न्हाई. माझ्या बापाला काय झालं व्हतं, कशानं गेला, मला आजपर्यंत माहीत न्हाई. आजारी हाय म्हणायचे सगळे. काय आजारी, कुणी विचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई."

स्वप्नालीचे हात थांबले होते. तिनं एक घाटा उचलला, परत खाली ठेवला.

"अप्पा, मलाही एक सांगायचंय."

"सांग की."

"गेल्या उन्हाळ्यात मला दिवस गेले होते." तिचा आवाज साधाच होता. "तुम्हाला सांगायला रेणापूरला यायचंच होतं. त्याच्या आधीच गेलं ते. वीरेशला माहीत आहे. बिलोलीला माझ्या आईला पण नाही सांगितलं."

महादेवप्पांनी तिच्याकडं बघितलं. ती पातेल्यात बघत होती. रस्त्याच्या पलीकडं कुणीतरी वाळवण गोळा करत होतं, सूप आपटल्याचा आवाज येत होता.

"कुठं व्हतीस तवा?"

"लॅबमध्ये. ज्ञानेश्वरीनं नेलं दवाखान्यात."

"आन् आम्हाला..." ते थांबले. विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही. हाताला लागलेली टरफलं झटकली. "लई दुखलं का, पोरी?"

ती इतके दिवस रडली नव्हती असं नाही. पण हा प्रश्न तिला अजून कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी कारणं सांगितली होती, वीरेशनं "पुढच्या वेळी होईल" म्हटलं होतं. तिनं हो म्हणून मान हलवली, आणि मग ओढणीनं डोळे झाकले.

महादेवप्पांनी हात पुढं केला, मागं घेतला, शेवटी तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसून राहिले. हात अजून अशक्त होता, पण जड होता.

जरा वेळानं ते म्हणाले, "तुझ्या सासूला तू सांगतीस का मी सांगू?"

"तुम्ही सांगा."

भिंतीला धरून ते उठले आणि आत गेले. गॅलरीत तिला शब्द ऐकू येत नव्हते, त्यांचा खालचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला. कपाट बंद झाल्याचा आवाज आला.

सिंधुबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. हातात तेलाची वाटी होती, कोमट केलेली. त्या स्वप्नालीच्या मागं स्टुलावर बसल्या आणि पाय दोन्हीकडं टाकून तिला गुडघ्यांमध्ये ओढून घेतलं.

"केस सोड," त्या म्हणाल्या.

स्वप्नालीनं क्लिप काढली. सिंधुबाईंनी तळहातावर तेल घेतलं, तिच्या टाळूवर ओतलं आणि बोटांनी हळूहळू मुरवायला सुरुवात केली. महादेवप्पा परत येऊन आपल्या जागेवर बसले आणि उरलेले घाटे सोलायला लागले.